जावयाने मागितलेलं भोक

रुसणारे जावई जगात पुष्कळ असतात. कुणी अंगठीवर रुसतो, कुणी स्कूटरवर, कुणी पंगतीत वाढायला उशीर झाला म्हणून. पण स्वयंपाकघरातल्या लाकडी कपाटावर रुसलेला जावई अख्ख्या नागपूर जिल्ह्यात एकच झाला आणि तो नेमका आमच्या घरचा निघाला. माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. नात्याने माझे नणदोई, मी त्यांना भाऊजी म्हणायची. पण मागे सगळं घर त्यांना नुसतं ‘जावई’ म्हणे. अंगाने काडी, आवाजाने ढोल. रागावलेले नाहीत असं मी त्यांना फक्त झोपेत पाहिलं आहे, आणि तेव्हाही कपाळावर आठी असायची. मी स्वतः काही गरीब गाय नाही. माझ्या माहेरी, खाप्याला, मी चिडले की नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांना कळायचं असं म्हणतात. तरी या माणसापुढे मी कितीतरी वर्षं तोंड मिटून राहिले, कारण जावयाला उलट बोलायची आमच्या सासरी पद्धत नव्हती. पद्धत होती ती पाट मांडायची, तांब्याभर पाणी द्यायची आणि तो काय म्हणतो त्याला ‘हो’ म्हणायची. या पद्धतीचा मला आजही मनापासून संताप आहे.

ते कामठीच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाची अक्षरं उचलून ओळी जुळवायचं काम. समोर लाकडी खानेच खाने, प्रत्येक अक्षराचा खाना ठरलेला; नजर कागदावर आणि हात आपोआप बरोबर खान्यात. जन्मभर हेच केल्यामुळे ‘जागा’ या गोष्टीवर त्यांची जी श्रद्धा बसली ती देवावरही नव्हती. वस्तू जागेवर नसली की त्यांचा तोल जायचा. एकदा आमच्याकडे त्यांनी आगपेटी मागितली. माझं लक्ष कढईत होतं, म्हटलं, “असेल तिथंच.” झालं. “तिथंच म्हणजे कुठी, वहिनी? ‘तिथंच’ नावाचा खाना दाखवा मले.” आणि मग आगपेटीची जागा नक्की होईपर्यंत चहा झाला नाही. एका नातलगाच्या लग्नपत्रिकेत त्यांना चुका सापडल्या, तर त्यांनी ती लाल शाईने दुरुस्त करून परत धाडली आणि दुरुस्त पत्रिका हातात पडल्यावरच लग्नाला आले. आले ते आले, मांडवातल्या चपला जोडीजोडीने लावत बसले आणि एक डावी चप्पल उरली म्हणून नवरदेवाच्या मामाशी भांडले.

सगळ्यात जास्त राग त्यांना ‘प्लग’ या शब्दाचा. आपल्या घराघरांत वायरच्या टोकाला असतो तोही प्लग आणि भिंतीवर असतो तोही प्लग. “मिक्सरचा प्लग प्लगमधी घाल,” असं कोणी म्हटलं की ते जेवणावरून उठायचे. “पिन म्हणा. वायरले असते ते पिन. भिंतीले असते ते सॉकेट. दोन अक्षरं एका खान्यात टाकून राहिले तुम्ही, छापाल काय? कपाळ?” मी मनात म्हणायची, छापायचं कुणाला आहे, आम्हाला चटणी वाटायची आहे. मनातच म्हणायची.

आता यात एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे नुसतं वेड वाटेल. त्यांची बायको, म्हणजे माझी नणंद, तिला मी ताई म्हणते. ताईंच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला. आधी बाजूबाजूने अंधार आला, समोर खिडकीएवढी नजर उरली, मग ती खिडकीही धुरकट झाली. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. आणि ही बाई म्हणजे आमच्या सगळ्या गोताची सैपाकीण. पुडाची वडी तिनेच करावी, पाटोडीचा रस्सा तिनेच जमवावा. मसाला भाजल्याच्या वासावरून खोबरं किती जास्त पडलं ते ती पलीकडच्या खोलीतून सांगायची. डोळे गेले तरी हात कुठे गेले होते? पण ती कुणाकडेही गेली की तिथल्या बायका मायेने म्हणायच्या, “ताई, तुम्ही बसा.” खुर्ची द्यायच्या, पंखा लावायच्या. आयुष्यभर पदर खोचून वावरलेल्या बाईला ते ‘बसा’ कसं लागत असेल, ते तिचा चेहरा पाहिलेल्यालाच ठाऊक.

जावयांनी यावर रागानेच इलाज काढला. त्यांनी कामठीच्या घरात ताईंना ओट्यापाशी उभं केलं, त्यांचा हात भिंतीकडे जसा सहज गेला तिथे पेन्सिलने खूण केली आणि सगळे सॉकेट त्या खुणांवर आणून बसवले. वायरिंग करणाऱ्या मिस्त्रीने म्हटलं, साहेब, असं कोणी करत नाही, दिसायला चांगलं दिसत नाही. त्यांनी आपल्या खांद्यावरचं उपरणं काढून त्याच्या डोळ्यांवर बांधलं आणि पिन हातात दिली. “लाव आता. मंग सांग मले दिसायचं.” तो बिचारा चाचपत चाचपत देवळीतल्या समईपर्यंत पोचला. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, “डोये मिटून हात गेला पायजे.” मग नातेवाइकांच्या घरी जाऊन ते स्वयंपाकघरांची तपासणी करू लागले. पोतडीत एक लहान करवत, पेन्सिल आणि पिनेचा एक मोडका नमुना. दुकानात कुणाचा फ्रिज बघायला गेले तरी फ्रिजकडे न बघता त्याच्या मागे जाऊन वायर कुठून निघते ते बघायचे आणि दुकानदारावर ओरडायचे. लोक हसायचे. मीही हसायची, जोवर ते माझ्या घरी आले नव्हते.

माझं कपाट आता सांगते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा स्वयंपाकघरात उघड्या फळ्या होत्या. फळ्यांवर डबे, डब्यांवर तेलाचं किटण, किटणावर झुरळं. उन्हाळ्यात कूलरचा वारा स्वयंपाकघरात येत नाही पण बाहेरची धूळ बरोबर येते, ती सगळी त्या डब्यांवर. किती वर्षं मी ते डबे घासले त्याला हिशेब नाही. शेवटी शिवणाच्या मशीनवर लोकांचे ब्लाऊज शिवून शिवून मी माझ्या हिमतीवर एक कपाट करवलं. ओट्यावर भिंतीला लागून उभं, वर-खाली कप्पे, आणि सगळ्याला फिक्या पिस्ता रंगाचा सनमायका. हात फिरवला की गार लागायचा. या घरात माझ्या एकटीच्या मनाने झालेली ती पहिली वस्तू. शेजारणी बघायला आल्या तेव्हा मी चहात साखर जास्त घातली होती, मला आठवतं.

लकडगंजहून आणलेल्या सुताराला मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “मिस्त्री, प्लगसाठी जागा ठेवा बरं का.” तो म्हणाला, “फिकर मत करो बाई, प्लग की जगह एकदम पक्की.” आणि त्याने शब्द पाळला. सुताराच्या भाषेत प्लग म्हणजे स्क्रू धरायला भिंतीत ठोकतात ती लाकडी गट्टी. त्याने भिंतीत मजबूत गट्ट्या ठोकल्या, त्यांवर कपाट असं घट्ट आवळलं की भूकंपातही हलू नये, आणि विजेचा बोर्ड गेला थेट कपाटाच्या मागे. मी कपाळावर हात मारला. मग त्याने कपाटाच्या पाठच्या प्लायला आतून चौकोन कापून बोर्ड मोकळा केला. म्हणजे मिक्सर लावायचा तर दार उघडायचं, खालच्या कप्प्यातले डबे बाजूला सारायचे, वाकून आत हात घालायचा. दोन दिवसांत मला त्याची सवय झाली. उलट वायर दिसत नाही, बोर्ड दिसत नाही, याचा आनंदच वाटायला लागला. एका शब्दाने हा घोळ केला हे जावयांना कळता कामा नये, एवढीच काळजी होती.

मग ताई माहेरी आल्या. हे त्यांचं माहेर. वीज आली तेव्हापासून तो बोर्ड त्याच भिंतीवर होता. आल्या आल्या त्यांनी पदर खोचला, म्हणाल्या, “वहिनी, खोबरं भाजलं असंल तं आणा इकडं, मी वाटते,” आणि सवयीने हात भिंतीकडे नेला. हात सनमायकावर पडला. त्यांनी तो वर सरकवला, खाली सरकवला. मी म्हटलं, “ताई, बोर्ड आत गेला. थांबा, मी लावून देते. तुम्ही बसा.” त्या हो म्हणाल्या आणि बाहेर जाऊन बसल्या. बस, एवढंच झालं. कुणी काही वाईट बोललं नाही. पण जावई दारात उभे होते आणि त्यांनी तो हात पाहिला होता.

“वहिनी, बोर्ड काहून झाकला?”

मी सगळं सांगितलं, सुताराचा ‘प्लग’सुद्धा, कारण ते खोदून खोदून विचारत होते. गट्टीचं ऐकल्यावर त्यांचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं आता यांना पाणी द्यावं लागेल. मग पोतडीतून करवत काढली. “बाजूच्या फयीले एक भोक पाडतो. हात जाईल एवढं.”

मी म्हटलं, “नाही.”

त्या घरात जावयाला ‘नाही’ म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. माझे यजमान पेपर वाचत होते, ते पेपराच्या आणखी आत गेले. मी म्हटलं, “भाऊजी, कपाट माझं आहे. मी कमावून केलं आहे. तुम्ही त्याला हात लावायचा नाही.” आणि मला जे म्हणायचं आहे ते आजही म्हणते: माझं काही चुकलं नव्हतं. कुणाच्या घरी जाऊन कुणाच्या नव्या वस्तूला करवत लावणं ही कुठली रीत? ताईंसाठी मी बोलवाल तेव्हा पिन लावून द्यायला तयार होते. ते मी म्हटलंही. त्यावर ते म्हणाले, “ते तं सगयेच तयार आहेत, वहिनी. तिले मागा लागते ना.” करवत पोतडीत गेली, आणि जावई रुसले.

त्यांचं रुसणंही त्यांच्यासारखंच. रुसलेला माणूस येणं बंद करतो. हे दर आठवड्याला कामठीहून बस पकडून यायचे, आपण रुसलो आहोत हे आमच्या लक्षात राहावं म्हणून. बाहेरच्या छपरीत बसायचे, आत पाय ठेवायचे नाहीत. पाणी दिलं तर म्हणायचे, तहान नाही. मे महिन्यात. नागपुरात. मग कोपऱ्यावरच्या रसवंतीवर जाऊन गटागटा रस प्यायचे आणि परत येऊन छपरीत बसायचे. गल्लीतले लोक मला विचारू लागले की तुमच्या जावयांना घरात का घेत नाही. माझा असा भडका उडायचा. आणि ताई? ताईंनी यायचंच सोडलं. “बसमधी चढवत नाही आता, पाय दुखते,” असा निरोप. त्यांचे पाय ठणठणीत होते, ते मलाही ठाऊक होतं आणि निरोप आणणाऱ्यालाही. सण आला, गेला. वड्या मी एकटीने केल्या. कुणी नावं ठेवली नाहीत, पण दुसऱ्यांदा कुणी मागितल्याही नाहीत.

त्यातच अधिक महिना आला. आमच्याकडे याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावयाला जेवायला बोलावून वाण द्यायचं, आणि वाणात जाळी पडलेला, भोकं असलेला पदार्थ लागतो: अनारसे नाहीतर बत्तासे, तेहतीस मोजून, तांब्याच्या ताटात, वर दिवा. जावई कितीही रुसलेला असो, धोंड्याला बोलावलं की त्याला यावं लागतं आणि आपल्यालाही बोलवावंच लागतं. मी अनारसे केले. चिडलेल्या हाताचे अनारसे तुपात विरघळतात म्हणतात, माझे मुद्दाम चांगले झाले. दोघं आले. ताई इतक्या महिन्यांनी आल्या त्या उंबऱ्यापाशीच थांबल्या आणि खुर्ची कुठे आहे ते विचारलं. आपल्या माहेरात खुर्ची कुठे आहे ते विचारलं.

जावई पाटावर बसले. मी ताट पुढे केलं. त्यांनी एक अनारसा उचलला, उलटा केला, दिव्यापुढे धरून त्याच्या जाळीतून माझ्याकडे पाहिलं आणि खाली ठेवला.

“वहिनी, धोंड्यात जावयाले वाण काहून असं देतात? भोकाचं?”

“रीत आहे,” मी म्हटलं.

“म्हणजे मान भोकाचा आहे, अनारशाचा नाही. मंग हे तेहतीस अनारसे तुम्ही ठेवा. मले एक भोक द्या.”

माझे यजमान आढ्याकडे पाहू लागले. मला काय वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. इतके महिने छपरीत उन्हात बसून या माणसाने हेच शिजवलं होतं. धोंड्याचं वाण मागितलेल्या जावयाला नाही म्हणणारी बाई आमच्या साऱ्या गोतात झाली नाही, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी ताट उचलून आत निघाले. असं वाटत होतं की ते ओट्यावर आदळावं आणि म्हणावं, जा, आणा तुमची करवत, कापा मलाच. तेवढ्यात मागून ताईंचा आवाज आला, अगदी हलका. “राहू द्या हो वहिनी. ह्याईचं काय ऐकता. मी बसते ना बाहेर. बसायची सवय झाली आता.”

सवय झाली म्हणाली. मी ताट ठेवलं, कपाटाचं दार उघडलं आणि डबे काढायला लागले. एक एक डबा आपटून काढला, म्हणजे माझा राग काय आहे तो छपरीपर्यंत कळावा. “या,” मी ओरडले. “या आणि घ्या तुमचं वाण.”

लोकांना वाटेल की इतका जागेचा आणि खान्याचा भक्त, त्याने भोक तरी सुबक पाडलं असेल. छे. त्यांनी ताईंना ओट्यापाशी उभं केलं, “तुह्या सवयीनं हात घाल वं,” म्हणाले, आणि त्यांचा हात बाजूच्या फळीला जिथे टेकला तिथे भोवतीने पेन्सिल फिरवली. मग करवत चालवली. सनमायकाचे टवके उडाले. जावई घामाने निथळत होते, स्वतःवर चिडत होते, करवतीला शिव्या देत होते. जे पडलं ते ना गोल ना चौकोनी. चिंचेच्या बोटकासारखं काहीतरी, एका बाजूला ओघळलेलं. माझ्या पिस्ता रंगाच्या कपाटाला. मी तिथेच रडले, आणि ते रडणं शुद्ध संतापाचं होतं. मग डोळे पुसले, शिवणाच्या पेटीतला घासकागद काढला आणि त्याची कड घासत बसले, कारण त्या खरबरीत कडेत ताईंच्या बांगड्या अडकल्या असत्या. जावई म्हणाले, “अजून थोडं घासा डावीकडून.” मी म्हटलं, “तुम्ही तोंड मिटा, भाऊजी.” आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते ऐकलं.

ताईंनी हात आत घातला. बोर्डावरून बोटं फिरवली, पिन बसवली, बटन दाबलं. मिक्सर गरगरला. त्या आवाजातच त्या म्हणाल्या, “वहिनी, खोबरं कमी आहे वं हे. अजून आणा.” त्यांच्या तोंडचा तो ‘वं’ मी किती दिवसांनी ऐकला. जावई पाटावर परत गेले आणि त्यांनी अनारसे खाल्ले. ठेवा म्हणाले होते, तरी खाल्ले.

त्यानंतर ताई माहेरी येऊ लागल्या, येऊन पदर खोचू लागल्या. ते भोक मात्र माझ्या डोळ्यांत खुपतच राहिलं. पाहुणे विचारायचे, हे काय हो, उंदरांनी केलं का? मी म्हणायची, नाही, जावयांनी. जावई गेले तेव्हाही मी त्यांना पुरतं माफ केलेलं नव्हतं. ते गेल्यानंतरच्या पावसाळ्यात ताई आल्या होत्या, मसाला वाटत होत्या. मी सहज म्हटलं, “भाऊजींनी जन्मात एक भोक पाडलं, तेही वाकडं.” ताईंचा हात आतच होता. म्हणाल्या, “वाकडं नाही हो ते. माह्या मनगटाले जुनी लचक आहे, माहा हातच असा वाकडा जाते. ह्याईले ठाऊक होतं.” मी कपाटाकडे बघितलं. तो ओघळलेला कोपरा त्यांच्या मनगटाला असा बसला होता की मधे कागद गेला नसता.

आता ताईही नाहीत. परवा मुलाने ओट्याचं काम काढलं. नवा सुतार आला, कपाटावरून हात फिरवून म्हणाला, लाकूड अजून चांगलं आहे, हे भोक तेवढं बुजवून वर नवा तुकडा मारून देतो, कळणारही नाही. मी अशी काही कडाडले की तो दोन पावलं मागे सरकला. “हात लावायचा नाही त्याला. ते आमच्या जावयाचं आहे. दिलेलं वाण परत घेत नाहीत.” तो बिचारा गोंधळला आणि इकडेतिकडे बघायला लागला, जावई कुठे बसले आहेत म्हणून. मग मीही एकदा छपरीकडे बघितलं.